आधी दावं बघा

मी एक जुनी गाडी आहे. दुधी रंगाची, चार दारांची आणि जराशी फटकळ. मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे आधी जन्म सांगतात, मी आधी बदनामी सांगणार आहे. ज्या वर्षी मला पंधरा वर्षं पूर्ण झाली, त्या उन्हाळ्यात क्रांती चौकाजवळ भर रस्त्यात, दहा लोकांच्या देखत मला नापास केलं. एकदा नाही, दोनदा! का, तर म्हणे माझा धूर वाईट. धूर निघतो मागून, पण बोलणी मात्र पुढून खावी लागतात. आणि खरं सांगू? माझ्यात काही बिघाड नव्हता. मला ते पक्कं ठाऊक होतं. पण आम्हा गाड्यांना हॉर्न दिलेला असतो, वाचा दिलेली नसते.

तर आता पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म १९९५ सालचा. कारखान्यातलं फारसं आठवत नाही. डोळे दिपवणारा उजेड, नव्या रबराचा वास आणि माझ्या पुढं-मागं माझ्याच तोंडवळ्याच्या बहिणी, एवढंच आठवतं. एका लांबलचक ट्रेलरवर बसून आम्ही आठ जणी या शहरात आलो. आज पाटीवर छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं असतं, तेव्हा औरंगाबाद लिहिलेलं होतं. उतरले तेव्हा माझ्या बॉनेटवर कुणीतरी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि नानासाहेब मला घरी घेऊन गेले.

नानासाहेब म्हणजे माझे पहिले धनी. गावी शेती आणि शहरात सरकारी कचेरीत नोकरी, असा माणूस. माझे लाड तर असे केले की विचारू नका. रोज सकाळी ओल्या फडक्यानं अंग पुसायचं, रविवारी साबणानं आंघोळ. माझी खोड न् खोड त्यांना माहीत होती. थंडीच्या दिवसांत सकाळी मला लवकर जाग येत नसे. त्यासाठी आमच्या पिढीच्या गाड्यांना स्टेअरिंगच्या शेजारी एक काळी घुंडी असते, तिला चोक म्हणतात. ती बाहेर ओढली की इंजिनात हवा कमी जाते आणि पेट्रोल जास्त, मग गाडी चटकन उठते. पण इंजिन तापलं की घुंडी आठवणीनं आत ढकलायची. नाहीतर काय होतं? नाक दाबून जेवायला वाढल्यासारखं होतं. खाल्लेलं पेट्रोल नीट जळत नाही आणि काळा धूर होऊन बाहेर पडतं. नानासाहेब दोन मिनिटांत घुंडी आत ढकलायचे, अगदी डॅशबोर्डला चिकटवून. तिच्यावरचं चित्र त्यांच्याच अंगठ्यानं झिजून पुसून गेलं.

दहा वर्षांनी त्यांच्या दारात नवी गाडी आली. मोठी होती, आपोआप काचा खाली-वर करणारी. मला शेवग्याच्या झाडाखाली नेऊन लावलं. पहिले काही दिवस मला वाटलं, आज येतील, उद्या येतील. मग टायर बसले, टपावर शेवग्याच्या पानांचा थर साचला, बॉनेटखाली उंदरीण व्याली. नानासाहेब रोज समोरून जात, पण बघत नसत. त्यांना वाईट वाटत असावं, असं मी स्वतःला सांगत असे. वर्षभर मी तशीच उभी होते.

मग एके दिवशी सोनाजी आला.

सोनाजी हर्सूलचा. घराणं मेंढपाळाचं, पण हा शिकून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पट्टीबंधक झाला. म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची, बुजलेलं जनावर धरायचं. एका वळूनं लाथ मारून त्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी फोडली. तेव्हापासून दुचाकीला किक मारणं बंद, आणि खच्चून भरलेल्या जीपमध्ये लोंबकळणंही बंद. निवृत्त झाला तरी हर्सूलपासून पार फर्दापूरच्या डोंगरापर्यंतचे मेंढपाळ त्यालाच फोन करायचे. “मामा, मेंढी लंगडतीय. मामा, खुरात किडे पडलेत.” त्याचा जीव घरात कसा रमणार? म्हणून त्यानं मला घेतलं.

मला बघायला आला तेव्हा त्यानं जनावर पारखावं तसं पारखलं. आधी भोवती एक फेरी मारली. मग माझ्या टपावर हात ठेवून नुसता उभा राहिला. सोबत त्याची बायको होती, बानाबाई.

“म्हातारी दिसतीय,” बानाबाई म्हणाली.

“आपण कोणचे तरणेताठे हाव? हिची नजर गरीब हाय. हिलाच नेऊ.”

माझे दिवे धुळीनं भरले होते, त्यात त्याला नजर दिसली! मित्रांनो, त्या दिवशी मला पुन्हा कुणाची तरी झाल्यासारखं वाटलं.

सोनाजी गाडी शिकला होता दवाखान्याच्या जीपवर. ती जीप डिझेलची, आणि डिझेलच्या जीपला माझ्यासारखा चोक नसतो. हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा. थंडीत मला उठवायला तो चार-पाच वेळा चावी फिरवायचा, “ऊठ गं माय, ऊठ” म्हणून विनवायचा. मीही घसा खाकरत कशीबशी उठायचे. ती काळी घुंडी डॅशबोर्डला चिकटून बसलेली. तिच्याकडं त्याचं कधी लक्षच गेलं नाही.

पण काय दिवस होते ते! माझ्या डिकीत औषधांची लाकडी पेटी, मागच्या सीटवर गोणपाट, त्यावर कधी आजारी कोकरू, कधी पाय मोडलेली शेळी. लेंड्यांचा वास माझ्या सीटला असा बसला की नानासाहेबांनी हुंगलं असतं तर चक्कर येऊन पडले असते. मला त्याचं काही वाटलं नाही. शेवग्याखाली स्वच्छ उभं राहण्यापेक्षा हे बरं होतं.

एक प्रसंग सांगते, कारण पुढं तो उपयोगी पडणार आहे. फर्दापूरच्या माळावर मुंजाबा नावाचा मेंढपाळ उतरला होता. त्याचा एक तरणा मेंढा पंधरा दिवस धापा टाकत होता. चारा खाईना, मान वाकडी धरी. मुंजाबानं झाडपाला देऊन बघितला, अंगारा लावून बघितला.

“मामा, त्याला एक सुई टोचा. लई जालीम टोचा,” तो म्हणाला.

सोनाजीनं पेटी उघडलीच नाही. तो मेंढ्यापाशी बसला आणि त्याच्या मानेच्या दाट लोकरीत बोटं घालून चाचपत राहिला. मग त्यानं कात्री मागितली. लोकरीत रुतलेली एक सुतळी निघाली. मेंढा कोकरू होता तेव्हा बांधलेलं दावं! मेंढा वाढला, दावं तेवढंच राहिलं. वरून लोकर, त्यामुळं कुणाला दिसलं नाही.

“किती डाव सांगितलं रं तुमाला,” सोनाजी म्हणाला, “जनावर धापलं की औषधाच्या आधी दावं बघा. आधी दावं!”

मुंजाबा ओशाळून हसला. मेंढा तासाभरात चरायला लागला. हे वाक्य सोनाजी गावोगाव सांगायचा. मी ते शंभर वेळा तरी ऐकलं असेल.

आता माझ्या दाव्याची गोष्ट.

२००९ सालच्या पावसाळ्यानंतर फर्दापूरहून येताना घाटात माझं मागचं चाक वाळूवर घसरलं. मी कठड्याला टेकून थांबले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण बानाबाईच्या काळजात धस्स झालं. चंपाषष्ठीला ती साताऱ्याच्या खंडोबाला गेली आणि भंडारा घेऊन आली. साताऱ्याचा म्हणजे आपल्या शहराशेजारच्या साताऱ्याचा. हळदीचा तो पिवळाधमक भंडारा तिनं एका छोट्या पिशवीत शिवला, पिशवीला बारीक दोरा लावला आणि ती टांगायला जागा शोधू लागली. आरशाला टांगली तर सोनाजीला रस्ता दिसेना. शोधता शोधता तिचा हात त्या काळ्या घुंडीवर गेला. तिनं चिमटीत धरून ओढली. घुंडी अर्धं बोट बाहेर आली आणि तिथंच थांबली.

“अवो, हे बघा! खुंटी हाय की इथं!”

सोनाजीनं निरखून बघितलं. त्याच्या घरात प्रत्येक वस्तूला खुंटी. घोंगडीला, काठीला, कंदिलाला. त्याचा चेहरा उजळला.

“ज्यानं गाडी केली त्यानं देवासाठी खुंटी बी केली बग. शहाणा माणूस!”

आणि देव माझ्या चोकवर टांगला गेला. येळकोट येळकोट जय मल्हार म्हणून दोघांनी हात जोडले. मी आतल्या आत ओरडले, अहो ती खुंटी नव्हे, तो माझा गळा आहे! पण ऐकणार कोण?

वर कहर असा की दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन थंडीत, मी एका चावीत उठले. उठणारच! चोक ओढलेला होता ना. सोनाजीचे डोळे पाण्यानं भरले. “बाना, देवाची करणी. एका हाकेत उठली,” असं तो दारोदार सांगत सुटला. त्या दिवसापासून पिशवी खुंटीवरून हलली तर माझी शप्पथ.

मी मात्र दिवसेंदिवस काळवंडत गेले. पेट्रोल जास्त, हवा कमी. चढावर दम लागायचा, प्लगवर काजळी धरायची, मागं उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यायचं. सोनाजीला वाटलं, वय झालं. वयाच्या नावावर काय काय खपतं, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा.

मे महिन्यात माझी पंधरा वर्षं भरत होती. पंधरा वर्षं झाली की गाडीची नोंदणी नव्यानं करावी लागते, आणि त्यासाठी धुराचा दाखला लागतो. एकतीस तारखेपर्यंत दाखला नाही, तर नोंदणी नाही. नोंदणी नाही, तर सोनाजी मला रस्त्यावर काढणार नाही. तसा त्याचा स्वभावच होता. आणि दारात नुसतं उभं करून कुजवण्यापेक्षा भंगारात दिलेलं बरं, असं त्यानं बानाबाईला सांगूनही टाकलं. सांगितलं खरं, पण त्या दिवशी तो जेवला नाही. मी गेले तर मुंजाबाच्या माळावर त्याला कोण नेणार? पुढं पावसाळा, मेंढ्यांची खुरं सडायचे दिवस.

“गाडी गेली की म्या बी खुंटीला टांगल्यावानी घरात बसणार,” असं तो म्हणाला.

क्रांती चौकाजवळ धूर तपासणारी एक व्हॅन उभी असायची. तिथं पुंजाराम नावाचा चष्मेवाला माणूस बसे. त्यानं माझ्या सायलेन्सरमध्ये लोखंडी नळी घातली. मशीनवर आकडे पळाले. विषारी वायूचा आकडा तीनच्या आत हवा, माझा आला चार पूर्णांक सहा.

“नापास,” पुंजाराम म्हणाला. “काका, गाडी दाखवून घ्या मिस्त्रीला.”

चहाच्या टपरीवरचा एक जण पुढं सरसावला. म्हणाला, नळी न घालताही दाखला मिळवून देणारे लोक आहेत, गाडी आणायचीसुद्धा गरज नाही. सोनाजीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो दोन पावलं मागं गेला.

“चाळीस वर्षांत म्या मेल्या म्हशीला कागदावर जित्ती केली नाय. आता गाडीसाठी करू व्हय?”

मला त्याचा अभिमान वाटला. पण जीवही तिळतिळ तुटला, कारण दोष माझ्या पोटात नव्हता, सोनाजीपासून हातभर अंतरावर लटकत होता.

तो मला कय्यूम मिस्त्रीकडं घेऊन गेला. कय्यूम मिस्त्री म्हणजे जुन्या गाड्यांचा हकीम. तीस वर्षांचा हात, नुसत्या आवाजावरून दुखणं सांगणारा. तो हात पुसत आला, दार उघडलं आणि पिवळी पिशवी बघून थबकला.

“मामू, पहले वो आपके देव की चीज उतार लेव. मेरे हाथ तेल के हैं.”

सोनाजीला ते फार बरं वाटलं. त्यानं पिशवी काढली, कपाळाला लावली, खिशात ठेवली आणि रिकामी खुंटी बरी दिसत नाही म्हणून अंगठ्यानं आत ढकलून दिली.

झालं! माझा गळा मोकळा. मी असा श्वास घेतला की काय सांगू! मिस्त्रीनं मला चालू केलं, कान लावला. माझा आवाज बासरीसारखा. त्यानं एअर फिल्टर झटकला, प्लग काढून बघितले.

“प्लग तो काले हैं,” तो पुटपुटला. “मगर आवाज बराबर है. समझ में नै आरा.”

त्याला मी दोष देत नाही. रोगी दवाखान्यात गेला की ताप उतरतो, तशी माझी गत झाली होती. मिस्त्रीनं प्लग घासून बसवले, कार्बुरेटरचा स्क्रू जरासा फिरवला आणि म्हणाला, “जाव मामू, पास हो जाएगी.”

गॅरेजच्या बाहेर पडताच सोनाजीनं खिशातून पिशवी काढली, घुंडी ओढली आणि देव पुन्हा जागेवर टांगला.

गाडी नापास झाल्याचं बानाबाईनं घरी ऐकलं, तेव्हा तिला वाटलं, देवाचंच काहीतरी राहिलं असणार. पिशवी छोटी झाली असेल, भंडारा जुना झाला असेल. ती पुन्हा साताऱ्याला गेली. या खेपेला तिनं काळ्या लोकरीची मोठी पिशवी विणली. स्वतःच्या हातानं लोकर काढून, चातीवर सूत कातून. वर लोकरीची जाड वेणी घातली, की तुटायला नको. मित्रांनो, त्या वेणीत एका बाईची रात्रंदिवसाची काळजी होती, तिला मी कसं नावं ठेवू? पण जाड वेणी अर्ध्या बोटाच्या खुंटीवर बसेना. म्हणून घुंडी चांगली दोन बोटं बाहेर ओढली गेली.

चोवीस तारखेला पुंजारामनं पुन्हा नळी घातली. तो मशीनकडं बघतच राहिला. सहा पूर्णांक आठ.

“काका, दुरुस्त करून आणली म्हणता, अन् आकडा वाढला कामून?”

मागं रांगेतल्या एकानं हसून म्हटलं, म्हातारीला आता सुखानं मरू द्या. सोनाजी माझ्यात बसला. परत जाताना दिल्ली गेटपाशी त्यानं गाडी बाजूला घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकलं.

“म्या लई जनावरं वाचवली गं,” तो मला म्हणाला. “तुझं दुखणं मला घावंना.”

मी काय करणार? एकदा जोरात ठसकले, तेवढंच माझ्या हातात होतं. त्यानं माझ्या डॅशबोर्डवरून हात फिरवला. हात फिरत फिरत घुंडीपाशी आला. मी जीव मुठीत धरला. त्यानं पिशवी नीट सरळ केली आणि गाडी पुढं काढली.

एकतीस तारखेला सकाळी आम्ही पुन्हा कय्यूम मिस्त्रीच्या दारात. पुन्हा तीच अदब, पुन्हा देव खिशात, घुंडी आत. त्यानं कार्बुरेटर सगळा खोलला, पेट्रोलनं धुतला, नवे प्लग टाकले. ऑइल बघितलं, निळा धूर नाही, म्हणजे इंजिन झिजलेलं नाही. माझा आवाज ऐकून त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

“ये गाडी फेल होती? मेरे हाथ की गाडी, दो दफा? चलो, आज मैं बी आता. मेरे सामने नळी डालो.”

त्याचा मान दुखावला होता, आणि मी मनातल्या मनात त्या दुखावल्या मानाला दंडवत घातला. मिस्त्री सोनाजीच्या शेजारी बसला. मी रस्त्यानं अशी पळाले की सोनाजीला सुद्धा जरा धीर आला. चौक जवळ आला, व्हॅन दिसली, समोर दोनच गाड्या. सोनाजीनं इंजिन चालू ठेवूनच हात जोडले. खिशातून लोकरीची पिशवी काढली. मग दोन बोटांत घुंडी धरली आणि ओढली.

माझा आवाज घोगरा झाला.

मिस्त्रीचे कान टवकारले. “रुको. आवाज बदला.” त्यानं आधी बॉनेटकडं बघितलं, मग सोनाजीच्या हाताकडं. “मामू… ये क्या खींचा तुमने?”

“खुंटी.”

“कायकी खुंटी?”

“देवाची. पिशवी टांगायची.”

कय्यूम मिस्त्रीनं दोन्ही हात डोक्याला लावले. हसावं की रडावं त्याला कळेना. “या अल्ला! मामू, वो खुंटी नै है, चोक है! गाडी का गला है वो! कब से टांग रे?”

“चंपाषष्ठीपासून.”

“हर बार मैंच बोला, देव को उतारो. उतारा तो गला खुला. गाडी अच्छी. मैं अदब करता रह गया, अन् बीमारी अदब के नीचे छुप गई!”

पिशवी अजून सोनाजीच्या हातात होती. मला वाटलं होतं, तो हसेल, सुटल्यासारखं म्हणेल. पण त्याचा चेहरा उतरला. त्यानं हळू आवाजात विचारलं, “म्हंजे… थंडीत एका हाकेत उठायची, ती देवाची करणी नव्हती?”

मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मिस्त्री म्हणाला, “छे महिने गला दबाके बी ये फर्दापूर का घाट चढके आई, मामू. एक दफा बी रस्ते में नै रुकी. वो किसकी करणी, तुमीच बोलो. चोक की तो नै ना?”

सोनाजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यानं पिशवी स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि अंगठ्यानं घुंडी आत ढकलली, अगदी डॅशबोर्डला चिकटेपर्यंत. मी श्वास घेतला.

“दावं,” तो स्वतःशीच म्हणाला. “चाळीस वर्षं लोकांना सांगत हिंडलो, आधी दावं बघा. अन् माझ्याच दारातल्या जनावराचं दावं मला दिसलं नाय, मिस्त्री. वरून लोकर होती.”

मिस्त्रीला त्या मेंढ्याची गोष्ट माहीत नव्हती. त्यानं नुसता सोनाजीच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, आत साचलेली काजळी निघून जाऊ द्या, एक चक्कर मारून येऊ. आम्ही रांग सोडली, मोकळ्या रस्त्यानं भरधाव एक चक्कर मारली आणि पुन्हा रांगेत लागलो. पुंजारामनं नळी घातली, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

“एक पूर्णांक नऊ! काका, काय केलंत?”

“दावं सोडलं,” सोनाजी म्हणाला.

पुंजारामला काही कळलं नाही, पण त्यानं दाखला छापून हातात दिला. तो कागद घेऊन आम्ही आरटीओची कचेरी बंद व्हायच्या आत पोहोचलो, आणि माझी नोंदणी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कय्यूम मिस्त्री आपण होऊन हर्सूलला आला. बानाबाईनं त्याला चहा दिला आणि सगळं ऐकून पदरात तोंड लपवलं. “माझ्याच हातानं गळा दाबला की वो हिचा,” असं म्हणून ती माझ्या बॉनेटपाशी येऊन उभी राहिली. मिस्त्रीनं साबणानं तीनदा हात धुतले, नखातलं काळंसुद्धा काढलं. मग आपल्या हत्यारांच्या थैलीतून एक छोटी पितळी खुंटी काढली आणि माझ्या डॅशबोर्डच्या मधोमध, चोकपासून हातभर दूर, स्क्रूनं घट्ट बसवली.

“ये देव की,” तो म्हणाला. “अन् वो गाडी की. हौ?”

बानाबाईनं लोकरीची पिशवी तिथं टांगली. दोन दिवसांनी आम्ही फर्दापूरच्या माळावर मुंजाबाच्या मेंढ्यांत होतो, आणि सोनाजी खुरं धूत बसला होता. सुटी मिळाल्यासारखी मी उन्हात उभी राहून त्यांचं बोलणं ऐकत होते. सोनाजीनं मुंजाबाला सगळी गोष्ट सांगितली. आपली चूक जराही लपवली नाही. मुंजाबा हसून हसून लोळला.

त्याला आता बरीच वर्षं झाली, मित्रांनो. कय्यूम मिस्त्री गेला. त्याचं गॅरेज जाऊन तिथं मोबाइलचं दुकान आलं. सोनाजीनं पंच्याहत्तरी गाठली. काठी घेऊन चालतो. आम्ही दोघं लांब जात नाही. मी घरासमोर शेडमध्ये असते. पण रोज सकाळी तो माझ्यात येऊन बसतो. पितळी खुंटीवरच्या देवाला हात जोडतो. मग त्याचा अंगठा त्या काळ्या घुंडीवर जातो. घुंडी आतच असते. वर्षानुवर्षं ती आतच आहे. तरी तो एकदा दाबून बघतो.

तुमच्या घरात एखादी जुनी गाडी असेल, म्हातारं जनावर असेल, नाहीतर बसल्या बसल्या दम लागणारं माणूस असेल, तर लगेच ‘वय झालं’ म्हणू नका, आणि भंगारवाल्याला हाकही मारू नका. जवळ जा, बोटं घालून चाचपा. मायेनं बांधलेलं दावंसुद्धा काचतं, आणि ते लोकरीखाली असतं म्हणून दिसत नाही. माझ्या सोनाजीला ते सहा महिने दिसलं नाही, आणि त्याच्याइतका जीव मला कुणीच लावला नाही.